फोनवरचं गाणं अल्बमपर्यंत जिवंत न्यायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीचा सव्वीस वर्षांचा एक गायक-गीतकार. ११ मराठी गाणी लिहून, चाली बांधून तयार आहेत. सगळी घरी गिटारवर गाऊन फोनवर घेतलेली, तेच त्याचे डेमो. गाणी रॉक आहेत, ड्रम्स, बेस आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन अल्बम करायचा आहे. नोकरीतून साठवलेले अडीच लाख हाताशी आहेत. एका स्टुडिओत दोन गाणी करून पाहिली, पण 'डेमोत जे होतं ते स्टुडिओत गेलं'. आता बँड घ्यावा की एकट्याने करावं, सिंगल्स काढावीत की अल्बम, हक्कांचं काय, प्रकाशन कसं करायचं. आणि सातव्या गाण्याच्या मागे शेजारच्या यंत्रमागाचा आवाज येतो, तो काढता येईल का?

'डेमोत जे होतं ते स्टुडिओत गेलं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पुण्यात मी २२ वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (वेगवेगळे घेतलेले आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवणं) करतो आहे. हे वाक्य दरवर्षी चार-पाच जण तरी माझ्यासमोर बसून म्हणतात, आणि म्हणणारा बहुतेक वेळा बरोबर असतो. 'जे होतं' ते नेमकं काय होतं हे त्याला सांगता येत नाही एवढंच. मग स्टुडिओवाला 'तुम्हाला डेमोची सवय झालीय' म्हणून त्याला गप्प करतो.

कानाला सवय लागते हे खरं आहे, त्यामुळे आधी ती शंका फेडून घ्या. दोन्ही गाणी दहा दिवस अजिबात ऐकू नका. मग ज्याने ती कधीच ऐकलेली नाहीत अशा एकाला डेमो आणि स्टुडिओचं रेकॉर्डिंग सारख्याच आवाजात ऐकवा. आवाजाची पातळी सारखी हवी, कारण मोठं वाजतं ते पहिल्या झटक्यात चांगलंच वाटतं. त्याला 'कुठलं आवडलं' विचारू नका. 'गाणं कशाबद्दल आहे' ते विचारा. डेमो ऐकून तो गाण्याबद्दल बोलला आणि स्टुडिओचं ऐकून गिटारबद्दल बोलला, तर तुमचं म्हणणं खरं आहे.

आता तुमच्यासारखंच एक प्रकरण सांगतो. रॉकच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहे, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात राहत होता. आधीच्या अल्बमला स्टुडिओत फार वेळ गेला होता. म्हणून या वेळी गाणी आधी घरी तपासायची आणि मग बँडला द्यायची, एवढाच त्याचा बेत होता. त्याची गिटार सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने टॅस्कमचं चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेणारं, पोर्टास्टुडिओ आणून लावून दिलं. साध्या कॅसेटवर चालणारं यंत्र ते. सोबत दोन शुअर एसएम ५७ माइक. बहुतेक गाणी ३ जानेवारीला एका बैठकीत झाली. मग ती एकोप्लेक्स नावाच्या प्रतिध्वनी यंत्रातून काढून पॅनासॉनिकच्या एका जुन्या टेपरेकॉर्डरवर मिक्स केली. ती कॅसेट नंतर कित्येक दिवस डबीशिवाय त्याच्या खिशात फिरत होती.

पुढे न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत त्याच्या ई स्ट्रीट बँडला घेऊन तीच गाणी करून पाहिली. बँड तर अव्वल होता. पण कोल्ट्स नेकची गाणी त्या वाजवण्यात बसेनात. शेवटी खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली: 'नेब्रास्का', ३० सप्टेंबर १९८२.

इथवर सगळे सांगतात आणि त्यातून 'घरचंच भारी' असा अर्थ काढतात. राहिलेला अर्धा भाग असा, की 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणंही घरच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, एकट्या गिटारवर. ते मात्र बँडच्या हातात गेल्यावरच उभं राहिलं आणि १९८४ च्या अल्बमला त्याचंच नाव मिळालं. गायक तोच, खोली तीच, यंत्रही तेच. पण या गाण्याला बँड हवा होता आणि 'नेब्रास्का'तल्या गाण्यांना नको होता. म्हणून 'बँड घ्यावा की एकट्याने करावं' या तुमच्या प्रश्नाला अल्बमभर लागू होईल असं एक उत्तर नाही. दर गाण्याला वेगळं विचारावं लागेल. आणि घरी केलं म्हणून काम सोपं झालं असंही नाही. त्या कॅसेटवरून तबकडी कापताना मास्टरिंगवाल्यांना (मिक्सवरून प्रकाशनाची अंतिम प्रत करणाऱ्यांना) घाम फुटला होता, बरेच प्रयत्न वाया गेल्यावर ती कशीबशी जमली.

दुसरं प्रकरण आपल्या शेजारचं आहे. गोव्यातल्या शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम घरीच केला, तोही चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर. सगळी वाद्यं त्यांनी वाजवली, सगळे आवाज त्यांचे, मिक्सिंग त्यांचं, मुखपृष्ठही त्यांचं. मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन कॅसेटी दिल्या. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: आपली गाणी कुणाची आहेत आणि ती ऐकणारा कुठे राहतो हे त्यांना ठाऊक होतं. गोव्याबद्दलची गाणी आधी गोव्यातल्या दुकानांत पोचली. प्रकाशनाकडे येईन तेव्हा हे पुन्हा काढतो.

आता काम. एक वही घ्या, प्रत्येक डेमोला एक पान द्या आणि फोनवरचं रेकॉर्डिंग लावून चार गोष्टी लिहा.

पहिली, लय. मिनिटाला किती ठोके ते टॅप करून मोजा. सुरुवातीला किती, मुखड्याला किती, शेवटी किती. बहुतेक डेमो ७८ वर सुरू होऊन ८४ वर संपतात, आणि जिथे वेग वाढतो तिथेच गाण्याचा जीव असतो. तुमच्या स्टुडिओवाल्याने बहुधा सुरुवातीचा आकडा घेऊन सगळं गाणं त्या एका क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर) बांधलं असणार. तसं करू नका. क्लिक वापरायचा तर डेमोच्या मापाने वळणारा नकाशा बनवा: अंतऱ्यात ७८, मुखड्यात ८०, शेवटच्या फेऱ्यात ८३. ड्रमरला आधी विचित्र वाटेल, तिसऱ्या टेकला अंगवळणी पडेल.

दुसरी, पट्टी. रात्री घरचे झोपलेले असताना, कॉटवर बसून, दबक्या आवाजात लिहिलेलं गाणं खालच्या पट्टीत जन्मतं. ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारच्या पुढे तो आवाज बुडतो, मग सगळे म्हणतात पट्टी चढवा. पांढरी तीनचं गाणं काळी तीनमध्ये नेलं की आवाज वर येतो, खणखणीत लागतो, आणि गाण्यातलं गुपित जातं. ही चूक मी स्वतः केली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मुलीच्या अल्बमची सगळी गाणी मी दोन-दोन स्वर वर चढवायला लावली. अल्बम बाहेर आल्यावर तिच्या भावाने विचारलं, 'ताई कुणावर ओरडतेय?' त्यानंतर मी नियमच केला. मुखडा वर हवा असेल तर मुखड्यापुरती चाल वर न्या, किंवा अंतऱ्यात वाद्यं काढून घ्या. आवाजाला जागा वाद्यांनी करून द्यायची असते. ते शक्यच नसेल, तरच पट्टी बदला.

तिसरी गोष्ट श्वास. कुठे घेता, कुठे ऐकू येतो, ते लिहा. रेकॉर्डिंगनंतर श्वास सरसकट पुसून टाकायची खोड स्टुडिओत असते, आणि दोन ओळींमधला माणूस त्यासोबतच पुसला जातो.

चौथी गोष्ट शब्दांची. इथे जरा थांबतो, कारण मराठी रॉक सर्वांत जास्त इथेच फसतं आणि यावर कुणी बोलत नाही.

रॉकचा ठेका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतो, स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ढोल) तिथे पडतो. ही बांधणी इंग्रजीच्या अंगाने घडली आहे. त्या भाषेत शब्दातच आघात असतो, आघाताचं अक्षर ठोक्यावर बसवलं की झालं. मराठीत आघात मवाळ असतो, आपला कान ऱ्हस्व-दीर्घावर चालतो. समजा ओळ अशी आहे: 'दिवस मावळला तरी घर सापडेना.' पहिल्या मात्रेवर 'दि' धरून ताणलात तर ऐकणाऱ्याला 'दीवस' ऐकू येतं आणि गाणं परदेशी वाटायला लागतं, का ते त्याला कळत नाही. 'दि' ठोक्याच्या आधी सोडा, 'वस' ठोक्यावर येऊ द्या. 'मावळला' मधला 'मा' आणि शेवटचा 'ला' दोन्ही दीर्घ आहेत, ताण तिथे द्या. 'सापडेना' मधला 'ना' तर हवा तेवढा लांबवता येतो.

मग 'घर'. भावगीताच्या वळणाने आपण शेवटचा अ उघडून 'घरऽ' असं गातो. बोलताना मात्र 'घर्' असं बंद होतं. रॉकमध्ये हे बंद होणारे शब्द सोनं आहेत: घर, भिंत, माग, दार, हात. स्नेअरच्या ठोक्यावर तोंड बंद झालं की शब्दच वाद्य होतो. पण एकाच गाण्यात एकदा 'घरऽ' आणि एकदा 'घर्' असं नकळत झालं की ढिलेपणा कानाला लागतो. जे कराल ते ठरवून करा.

आणखी एक. 'चाक', 'चटका', 'जग', 'झाड' यांतले दंततालव्य उच्चार माइकवर टोचतात, साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. शिट्टी दाबणारं प्लगइन सरसकट लावलं की टोचणं जातं, पण 'चाक'मधला च हा 'चहा'तल्या चसारखा मऊ होतो आणि गायक बोबडा वाटतो. त्यापेक्षा माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला फिरवा आणि टोचणारी अक्षरं हाताने एकेक खाली करा. वेळ खातं, पण हेच काम गाण्याला मराठी ठेवतं. 'ळ' आणि 'ण' यांचं उलटं होतं. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली गिटार १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ठाण मांडून बसते आणि जीभ टाळूला लागल्याचा तो सूक्ष्म आवाज गिळून टाकते. म्हणून मराठी रॉकमध्ये गिटारचा गेन (त्या खरखरीची मात्रा) तुम्हाला हवासा वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. जाडी दोनदा वाजवून येते: तोच भाग दोन वेगळ्या टेकमध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे.

वही भरली की ११ मधून आठ गाणी निवडा. पाडायची तीन गाणी वाईट असतील असं नाही. दुसरं गाणं जे सांगतं तेच ती पुन्हा सांगत असतील. आठ गाण्यांना एकच नजर ठेवता येते, ११ ना अडीच लाखांत नाही.

पैशांची वाटणी मी तुमच्या जागी असतो तर अशी केली असती. जॅमरूममधल्या तालमींना २० हजार. ड्रम्स आणि बेससाठी चांगल्या खोलीचा स्टुडिओ दोन दिवस, ५० हजार. वादकांना ४० हजार. मिक्सिंगला ७० हजार, मास्टरिंगला २०. मुखपृष्ठ आणि छापील पुस्तिका मिळून २५. उरलेले २५ हजार कुणालाही न सांगता बाजूला, कारण काहीतरी पुन्हा करावं लागतंच. गिटार आणि आवाज घरी. नवीन माइक, नवीन गिटार, लॅपटॉप यांतलं काहीही या अडीच लाखांतून घेऊ नका. माइक एखाद्या मित्राकडून मागून आणा.

तालमीत सगळ्यांत जास्त वेळ घाला. ज्या गाण्यांना बँड हवा आहे ती किमान सहा वेळा जॅमरूममध्ये वाजवून, दर वेळी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या फोनवर घ्या. ड्रमरला आधी डेमो ऐकायला द्या, आणि तुमची ओळनओळ त्याला पाठ असू द्या. शब्द माहीत असलेला ड्रमर फिल (दोन ओळींमधली जागा भरणारा तुकडा) मारताना ओळीच्या आत घुसत नाही. आणि कुठल्या गाण्याला बँड नको हे तालमीतच कळतं. सहाव्या वेळीही ते जड वाटत असेल तर तुम्ही एकटे गा.

स्टुडिओत जायच्या आदल्या दिवशी ड्रम्सची नवी पानं चढवून घ्या. पहिल्या दिवसाचे पहिले तीन तास फक्त ड्रम्स सुरात लावायला आणि माइक जागेवर बसवायला द्या, घड्याळाकडे बघू नका. स्नेअरचा आवाज गाण्यागणिक बदला. मऊ गाण्याला त्यावर नॅपकिन टाकून वाजवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, पातळी लाल दिव्याच्या बऱ्याच खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ड्रमर वाजवत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीतून गिटारवर पूर्ण जोर लावून गा, आणि त्या आवाजाला चांगला माइक लावायला सांगा. 'गाइडच आहे (वादकांना वाट दाखवण्यापुरता आवाज), काहीही चालेल' असं म्हणतील, ऐकू नका. मी मिक्स केलेल्या कितीतरी गाण्यांत शेवटी हाच आवाज ठेवला आहे, कारण त्या वेळी गायक माइकसाठी गात नसतो, ड्रमरला गाणं सांगत असतो.

बाकीचे आवाज घरी घ्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे पाठ करून उभे राहा, समोर, माइकच्या मागच्या भिंतीवर गोधडी लटकवा, पंखा बंद. पंखा बंद म्हणजे वीस मिनिटांत घाम, म्हणून एका वेळी एकच गाणं. माइक गोधडीकडे नाही, कपाटाकडे पाठ केलेल्या तुमच्याकडे तोंड करून. चार किंवा पाच टेक घ्या, सहावा नको. दुसऱ्या दिवशी ऐकून त्यातला एक टेक पाया म्हणून निवडा आणि फक्त बिघडलेल्या ओळी दुसऱ्या टेकमधून आणा. शब्दाशब्दाने जोडलेला आवाज स्वच्छ असतो, पण त्यात कुणी उभं नसतं. सूर दुरुस्त करणारं प्लगइन अगदी एखाद्या स्वरापुरतं, तेही हाताने. आपल्या गाण्यात मींड आणि मुरकी नकळत येतात. यंत्र त्यांना चूक समजून सपाट करतं.

मिक्स दुसऱ्याकडून करून घ्या, आणि डेमो त्याला सोबत पाठवा. प्रत्येक गाण्यासाठी एकच वाक्य लिहून द्या, उदाहरणार्थ: 'या गाण्यात माणूस कुजबुजतोय, शेवटपर्यंत ओरडत नाही.' 'बेस थोडा वाढवा' अशा ३० सूचनांपेक्षा ते एक वाक्य मिक्स करणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. दुरुस्तीच्या तीन फेऱ्या आधीच ठरवून घ्या. मास्टरिंगमध्ये जोरात वाजवण्याच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय सगळ्यांचीच पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक) आणून ठेवतं, तेव्हा ठासून मोठा केलेला अल्बम तिथे फक्त चपटा ऐकू येतो. खरी शिखर-पातळी (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवली की पुरे. गाण्यांमधली शांतता मात्र स्वतः बसून ठरवा. दोन सेकंद की चार, यावर पुढचं गाणं कसं लागतं ते ठरतं.

हक्कांबद्दल. गाणं लिहिताच त्याचा कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत हे डोक्यात पक्कं असू द्या. पहिले दोन तुमचे आहेतच. तिसरा त्याचा, ज्याने रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. ती तुमची आहे, पण कागदावर हवी. माझ्या ओळखीच्या एका बँडने एका स्टुडिओत पूर्ण अल्बम केला, पैसे चुकते केले, आणि मिक्स दुसरीकडे करायचं ठरवल्यावर स्टुडिओने सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचं आणि आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग) द्यायला नकार दिला. कागद काहीच नव्हता. सात महिने गेले, शेवटी ड्रम्स पुन्हा वाजवले. त्यामुळे पहिला रुपया द्यायच्या आधी एका पानावर लिहून घ्या की सगळे सुटे ट्रॅक तुमचे, आणि दर दिवशी संध्याकाळी तुमच्या डिस्कवर कॉपी होतील. वादकांसोबतही तसंच एक पान करा: मानधन किती, आणि चालीत कुणाचा वाटा आहे की नाही. एखाद्या गिटारवाल्याने मुखड्याची मूळ धून दिली असेल तर त्याला चालीत वाटा द्या आणि तो आकड्यात लिहा. मैत्री असली तरी, किंबहुना म्हणूनच.

गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. एखादी कंपनी 'एकरकमी घ्या, सगळे हक्क आमचे' म्हणाली तर हे आठवा.

आता सिंगल्स की अल्बम. दोन्ही, क्रमाने. दीड महिन्याच्या अंतराने दोन गाणी आधी सोडा, मग पूर्ण अल्बम. पहिलं सोडायचं गाणं सर्वांत 'चालेल' असं वाटणारं नको, तुमचा आवाज ओळखीचा होईल असं हवं. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे फाइल चार आठवडे आधी चढवा. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा १२ अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक बहुधा तोच देतो, तो वहीत लिहून ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवा. नावाचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा. एका जागी दोन ए, दुसरीकडे एक, असं झालं की तुमचीच गाणी दोन कलाकारांत वाटली जातात. गीतकार, संगीतकार, ड्रमर, मिक्स करणारा, सगळ्यांची नावं भरा.

स्ट्रीमिंगच्या पैशांवर हिशेब मांडू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि मिळतं ते अडीच लाख भरून काढणारं नसतं. म्हणून २५ हजार मुखपृष्ठ आणि पुस्तिकेला ठेवले. आठ गाण्यांचे शब्द देवनागरीत नीट छापलेली छोटी पुस्तिका, मागे अल्बमचा क्यूआर कोड. मराठी माणूस गाण्यासाठी पैसे द्यायला बिचकतो, पण हातात पुस्तक आलं की दीडशे रुपये काढतो. हे मी कार्यक्रमांच्या दाराशी उभं राहून पाहिलं आहे. पहिला कार्यक्रम इचलकरंजीत करा, मग कोल्हापूर, मग पुणे-मुंबई. रेमोंची स्कूटर आठवा. तुमची गाणी मागांच्या गावातली आहेत. ती पहिल्यांदा तिथल्याच लोकांनी ऐकायला हवीत, आणि त्यांच्याकडून पुढे जायला हवीत. तारीख ठरवताना गणपती-नवरात्र टाळा, तेव्हा सगळ्यांचे कान भरलेले असतात. मार्चमधल्या परीक्षाही टाळा. दिवाळीनंतरचे दोन महिने मला सर्वांत चांगले वाटतात.

राहिलं सातवं गाणं. तुम्ही पाठवलेला डेमो मी हेडफोनवर तीनदा ऐकला. मागाचा आवाज काढता येतो का, तर बराचसा येतो. आज त्यासाठी चांगली सॉफ्टवेअर आहेत. पण मी मोजून पाहिलं. माग मिनिटाला १४० च्या आसपास चालतो आहे आणि तुम्ही त्याच्या बरोबर निम्म्या लयीत गाताय, प्रत्येक ओळ ठोक्याच्या किंचित मागे टाकत. हे तुम्ही ठरवून केलं असेल असं वाटत नाही. लहानपणापासून भिंतीपलीकडे तो आवाज असल्यावर अंगात भिनलं असणार. दुसऱ्या कडव्यानंतर माग थांबतो, बहुधा धागा तुटला असावा, आणि तुम्हीही अर्धी ओळ थांबता. मग तो सुरू होतो आणि तुम्ही पुढची ओळ घेता. हे कुठला ड्रमर वाजवून देणार?

हे गाणं पुन्हा रेकॉर्ड करू नका. फोनवरची मूळ फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नव्हे, फोनमधली, आजच तीन ठिकाणी ठेवा. मिक्समध्ये ती मधोमध, मोनोच राहू द्या. ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापा. आवाज दबतो तिथे १ ते २ डेसिबल हाताने वर घ्या, आणि बाकी काही करू नका. अल्बममध्ये ती शेवटी ठेवा, आठव्या जागी. तिच्या आधीच्या गाण्याची गिटार विरली की आधी चार सेकंद नुसता माग ऐकू येऊ द्या, मग तुमचा आवाज.